भिंत बदलली की मागची रांग पुढे येते

आपल्या लाइन डान्सच्या वर्गात मागच्या रांगेतली गर्दी मला येत्या गुरुवारी दिसता कामा नये.

मंडळाचा हॉल एवढा मोठा आहे, तरी तुम्ही नवे सगळे मागच्या भिंतीला चिकटून, कोपराला कोपर लावून उभे राहता आणि मधली सगळी लाकडी फरशी रिकामी पडते. कारण विचारलं की सगळ्यांचं उत्तर एकच: "आम्ही नवीन आहोत ना, मागून बघून बघून करतो." शाळेच्या गॅदरिंगमध्ये ज्याला येत नसे त्याला शेवटच्या रांगेत लपवत. ती सवय तुम्ही पन्नाशी उलटल्यावरही सोडली नाहीत, थेट ह्यूस्टनपर्यंत आणलीत. गॅदरिंगला रंगमंच होता, प्रेक्षक एकाच बाजूला बसत, म्हणून तिथे मागे लपता येत होतं. लाइन डान्सला प्रेक्षक नसतात, आणि पुढची बाजूही पुढची राहत नाही.

पहिल्या दिवशी हे सांगितलं होतं. तुम्ही माना डोलावल्या, पण ऐकलं नाहीत. पुन्हा सांगते. नवशिक्यांचे बरेचसे नाच ३२ मोजणीचे आणि चार भिंतींचे असतात. ३२ मोजून झाले की सगळा वर्ग पाव वळण घेतो आणि तीच पावलं दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून पहिल्यापासून सुरू होतात. गाणं मिनिटाला १२० ठोक्यांचं असेल तर ३२ मोजणीला १६ सेकंद लागतात. म्हणजे तुमची लाडकी मागची रांग १६ सेकंदांनी बाजूला जाते आणि आणखी १६ सेकंदांनी सगळ्यांत पुढे येते. समोर कोरी भिंत, बघायला एकही पाय नाही. साडेतीन मिनिटांच्या गाण्यात हा नाच तेरा वेळा होतो, त्यातल्या तीन वेळा तुम्ही पुढे असता. गेल्या गुरुवारी नेमकं हेच झालं. तिसऱ्या भिंतीला अख्खी रांग मान वळवून मला शोधायला लागली, आणि मान मागे, पाय पुढे अशा अवस्थेत दोघींची टक्कर झाली. लागलं नाही, हे आपलं नशीब.

नवख्याची जागा मधोमध असते. मधे उभं राहिलं की कोणत्याही भिंतीकडे वळलात तरी समोर कोणीतरी असतंच. जे वर्षभर येताहेत त्यांनी कडेला उभं राहायचं, चारही बाजूंना. जुन्यांनो, हे तुमच्यावरचं काम आहे. तुम्ही मात्र मैत्रिणींचा घोळका करून माझ्यासमोर पहिल्या रांगेत उभ्या राहता, कारण तिथे आरसा आहे. आरशात स्वतःला बघायला घरी पुष्कळ वेळ मिळतो. इथे कड धरून नव्या माणसाला आधार द्या. तुम्हालाही कोणीतरी दिला होता.

आता या "बघून बघून"बद्दल. दुसऱ्याचं पाऊल पडलेलं डोळ्यांना दिसणार, मग ते तुम्हाला कळणार, मग तुमचा पाय हलणार. ते पाऊल उशिराच पडतं. तुम्ही पूर्ण गाणं एका ठोक्याने मागे चालता आणि घामाघूम होऊन म्हणता, गाणं फार जलद आहे. गाणं जलद नव्हतं. शिवाय ज्याच्याकडे बघताय त्याला येतंय हे तुम्हाला कोणी सांगितलं? मागच्या कोपऱ्यात दोन ताई एकमेकींकडे बघून नाचत होत्या. दोघींना वाटत होतं दुसरीला येतंय, आणि दोघी मिळून भलत्याच भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. नक्कल करून पावलं पाठ होत नाहीत. ती स्वतः मोजावी लागतात.

मोजायचं तेही मोठ्याने. ओठ हलवून चालणार नाही, मला आवाज हवा आहे. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात, आठ. एवढं म्हणायला तुम्हाला लाज वाटते? वर्गाच्या आधी पार्किंगमध्ये तुमच्या गप्पांचा आवाज हॉलच्या आतपर्यंत येतो, आणि मोजणी सुरू झाली की सगळ्यांचे गळे बसतात. शफल आलं, दोन ठोक्यांत तीन पावलं आली, की एक-नि-दोन, तीन-नि-चार. हा मधला 'नि' तोंडाने नाही म्हटला तर पायाने पडत नाही. जे मोजतात त्यांचा तो पडतो. खात्री करायची असेल तर येत्या वर्गात स्वतःच पाहा.

यापुढचं नीट वाचा, कारण तुमच्या बहुतेक चुकांचं मूळ इथे आहे आणि तुम्ही दोष दुसऱ्याच गोष्टीला देता. ग्रेपव्हाइन घ्या. उजवं पाऊल बाजूला, डावं त्याच्या मागून, उजवं पुन्हा बाजूला, आणि चौथ्या मोजणीला डावं पाऊल उजव्याशेजारी नुसतं टेकवायचं. नुसतं टेकवायचं, म्हणजे बोटं जमिनीला लागली तरी अंगाचा भार उजव्या पायावरच राहिला पाहिजे. तेव्हाच डावा पाय मोकळा राहतो आणि पाचव्या मोजणीला त्याला डावीकडे जाता येतं. तुम्ही काय करता? चौथ्याला डावं पाऊल पूर्ण ठेवता, त्यावर उभे राहता आणि सुस्कारा सोडता. पाचव्याला तोच पाय उचलायचा असतो, पण तुम्ही तर त्याच्यावर उभे! मग एक तर उडी मारता, नाहीतर उजव्याच पायाने पुन्हा उजवीकडे जाता आणि शेजारणीच्या अंगावर आदळता. आणि म्हणता, "मला तालच नाही हो." ताल चुकलेला नव्हता. भार कुठल्या पायावर आहे याचा तुम्हाला पत्ता नव्हता.

जॅझ बॉक्समध्ये चारही पावलांवर भार द्यायचा असतो: उजवं डाव्यावरून आडवं, डावं मागे, उजवं बाजूला, डावं पुढे. तिथे तुम्ही टेकवता. जिथे टेकवायचं तिथे ठेवता आणि जिथे ठेवायचं तिथे टेकवता. पिव्हट टर्नमध्ये उजवं पाऊल पुढे टाकून डावीकडे अर्धं वळल्यावर भार डाव्यावर यायला हवा, उजवा मोकळा. तुम्ही वळता आणि दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहता. तिथून पुढचं पाऊल कुठलं हे मग कोणालाच सांगता येणार नाही, मलाही नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण तो घरी करावा लागतो, म्हणून तुम्ही करत नाही. गॅसवर दूध ठेवून तिथे उभे राहता ना, तेव्हा ग्रेपव्हाइन करा आणि मधेच थांबा. थांबल्यावर जो पाय मोकळा असायला हवा तो उचलून बघा. अंग न झुकता उचलला गेला तर तुम्ही बरोबर आहात. डुगडुगलात तर भार चुकलाय. रोज दहा मिनिटं, संगीत नको, बूट नकोत, आरसा तर मुळीच नको. आठवड्यातून एकदा हॉलमध्ये येऊन, गप्पा मारून, ढोकळा खाऊन नाच येत नाही. घरी पाय न उचलणाऱ्याला मी इथे काय शिकवणार?

आणि पायांकडे बघणं बंद करा. मान खाली गेली की खांदे पुढे येतात, अंग पुढे झुकतं आणि वळताना तोल जातो. तुमच्या वयाला ते परवडणारं नाही.

ताल नसण्याची सबब तर मी कोणाकडूनच ऐकून घेणार नाही. गणपतीत याच हॉलमध्ये तुम्ही आरतीला उभे असता. शेवटी चाल बदलते, लय चढते, आणि शंभर माणसांच्या टाळ्या न सांगता एका क्षणी नव्या लयीत जातात. त्यात तुम्हीही असता. तेव्हा कोणी म्हणत नाही, मला ताल नाही, मी मागे बसतो. तुमच्यातल्या कितीजणांनी शाळेच्या मैदानावर सरळ रांगांत, आठाच्या मोजणीवर लेझीम खेळली आहे? मी हात वर करायला सांगितले तेव्हा निम्म्याहून जास्त हात वर गेले. मी स्वतः सांगलीकडच्या शाळेत वर्षानुवर्षं लेझीम शिकवली. रांग, मोजणी, एकाच वेळी वळणं, चुकलं तरी न थांबणं, हे सगळं त्यात होतं. दिंडीत टाळकरी समोरासमोर दोन रांगा धरून पावली खेळतात, त्यात सत्तरीचे म्हातारे असतात आणि त्यांच्या पायात आदल्या गावाहून केलेली चाल असते. ज्यांच्या घरातून असे पाय आले त्यांनी मला ताल नाही म्हणून सांगू नये.

पुरुष मंडळींनो, तुम्हाला वाटलं असेल हे सगळं बायकांसाठी चाललंय. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर बायकोची पर्स आणि जॅकेट मांडीवर घेऊन बसलेले जे सहा-सातजण असतात त्यांच्याशी आता बोलते. रोडिओ सुरू होण्याआधीच्या शुक्रवारी, गो टेक्सन डेला, तुम्ही ऑफिसात हॅट घालून जाता, बूट घालता, फोटो काढून गावाकडे पाठवता. त्या बुटांनी करायचं काय, ते शिकायची वेळ आली की "ह्यांना नाही जमत" असं तुमच्या बायका सांगतात आणि तुम्ही हसता. बायकांनो, तुम्हीही ऐका: त्यांना जमतं की नाही हे तुम्ही परस्पर ठरवू नका. त्या वाक्याने तुम्ही त्यांची सुटका करत नाही, दार लावून घेता.

नाचणं हे पुरुषाचं काम नाही असं समजणाऱ्याने आपण कुठे राहतो ते तरी पाहावं. आपल्या हॉलपासून गाडीने तासाभराच्या आत पॅसाडीना आहे. तिथल्या गिलीज या क्लबात 'अर्बन काउबॉय' या १९८० सालच्या सिनेमाचं चित्रण झालं, आणि त्यानंतर काउबॉय बूट घालून रांगेत नाचायचं वेड देशभर पसरलं. त्या फरशीवर नाचणारे तेलशुद्धीकरणाच्या कारखान्यांतून सुटून आलेले कामगार होते, दिवसभर पाइप जोडून आलेले पुरुष. तो क्लब आता नाही, १९९० मध्ये जळाला. इथल्या नाचघरांत आजही तुम्हाला पासष्टीचा शेतकरी हात पट्ट्यात खोवून अख्खी रांग सांभाळताना दिसेल. आणि तुम्हाला नाचता येत नाही हेही खरं नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशा कडाडला की तुम्ही शर्ट भिजेपर्यंत नाचता, मी पाहिलं आहे. तिथे कसंही नाचलं तरी चूक ठरत नाही म्हणून तुम्ही निर्धास्त असता. इथे पाऊल चुकू शकतं आणि चुकलेलं दिसतं, म्हणून तुम्ही पर्स सांभाळत बसता. हे कारण स्वतःशी कबूल करा आणि उठा.

खरं तर हेच कारण तुम्हा सगळ्यांचं आहे. पहिल्या आठवड्याला आलेले काहीजण तिसऱ्याला दिसले नाहीत. फोन केला तर सध्या जरा गडबड आहे, म्हणाले. गडबड नव्हती. त्यांचं पाऊल चुकलं, शेजारच्याने पाहिलं, आणि ते त्यांना सोसलं नाही. तुम्ही इंजिनियर आहात, डॉक्टर आहात, दहा-वीस माणसांचे साहेब आहात. कामावर गेली वीस वर्षं तुम्हाला कोणी नवशिका म्हटलेलं नाही. म्हणून वर्गाच्या जाहिरातीत "नवशिक्यांसाठी" हे वाचून तुम्ही आलात खरे, पण त्याचा अर्थ तुम्ही असा घेतलात की इथे चुकावं लागणार नाही. या वर्गात मी पावलं सोपी ठेवली आहेत, गाणी हळू निवडली आहेत, एकच चाल चार वेळा सांगते. पण चुकण्यापासून मी कोणाला वाचवणार नाही. तशी माझी इच्छाही नाही. या देशात आलात तेव्हा रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवायला शिकलात, भर तिशीत, परीक्षकाला शेजारी बसवून. तेव्हा चुकण्याची लाज वाटली म्हणून परवाना न घेता परत गेलात का?

आणि आता ज्याने मला सर्वांत जास्त राग आला ते. मागच्या महिन्यात एक बाई वर्गात आल्या. त्यांचे यजमान वारले. तेव्हापासून मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात जोड्यांची गाणी लागली की त्या जेवणाच्या टेबलाकडे जाऊन वाढायला लागत. लाइन डान्सला जोडीदार लागत नाही, कोणाच्या हातात हात द्यावा लागत नाही, एकट्याने यायचं आणि रांगेत सगळ्यांच्या बरोबरीने नाचायचं. म्हणून त्या आल्या. धैर्य एकवटून, चांगले बूट घेऊन. आणि तुमच्यापैकी दोघींनी पाणी प्यायच्या सुट्टीत त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "आता या वयात, आणि एवढ्यातच?" एवढ्यातच म्हणजे काय? दुःखाचे दिवस मोजायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? त्या बाई मधोमध उभ्या राहतात, मोठ्याने मोजतात, चुकतात, पुढची मोजणी पकडतात. तुम्हा दोघींना अजून ग्रेपव्हाइन येत नाही. तुमची नावं मी इथे लिहीत नाही. गुरुवारी त्यांच्यापाशी जाऊन काय बोलायचं ते तुम्हाला समजतं. ते झाल्याशिवाय माझ्या रांगेत उभ्या राहू नका.

असाच दुसरा एक प्रश्न कानावर आला: हे आपल्या संस्कृतीत बसतं का, हा गोऱ्यांचा नाच आपल्याला कशाला? माहिती नसेल तर बोलू नये. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ओहायोतल्या कोलंबसमध्ये कृष्णवर्णीयांच्या वस्तीत मॅडिसन नावाचा रांगेतला नाच रुजला आणि १९६० पर्यंत टीव्हीमार्फत अमेरिकाभर गेला. आज लग्नांमध्ये, घराण्यांच्या स्नेहसंमेलनांत आजी-नातवंडं मिळून जो इलेक्ट्रिक स्लाइड करतात तो रिक सिल्व्हर यांनी १९७६ साली बसवला असं मानलं जातं, आणि तो जपला मुख्यतः कृष्णवर्णीय कुटुंबांनी. काउबॉय हॅटवाली शाखा या नाचांच्या शेजारी वाढली. १९९२ मध्ये बिली रे सायरस यांच्या 'अची ब्रेकी हार्ट'साठी मेलानी ग्रीनवूड यांनी पावलं बसवली आणि ती शाखा जगभर पसरली. आपण पाहुणे म्हणून आलेलो नाही आहोत, तिशी-चाळिशीपासून इथे राहतो, इथेच मुलं वाढवली. शेजाऱ्याच्या घरच्या लग्नात इलेक्ट्रिक स्लाइड लागला की अख्खा हॉल उठतो आणि मराठी टेबल बसून राहतं. ते बसून राहणं मला खुपतं, म्हणून मी हा वर्ग सुरू केला.

मोबाइलवाल्यांना थोडक्यात सांगते. वर्ग चालू असताना फोन बॅगेत. तुम्ही चित्रफीत काढता, घरी जाऊन बघत नाही, आणि काढताना नाचत नाही, म्हणजे दोन्हीकडून रिकामे. दुसऱ्याच आठवड्याला बियॉन्सेच्या 'टेक्सास होल्डेम'वरचा रीलमधला नाच शिकवा म्हणून हट्ट धरणाऱ्यांनाही हेच. बियॉन्से ह्यूस्टनची, गाणं चांगलं, नाच शिकूच. पण आधी अगदी प्राथमिक पातळी, मग नवशिक्यांची, मग त्यापुढची, असा क्रम आहे. ज्या नाचात मधेच मोजणी तोडून पुन्हा सुरुवात करायची असते, किंवा चार ठोके जादा जोडायचे असतात, तो तुम्हाला आत्ता दिला तर अर्धा वर्ग जाग्यावर उभा राहील.

आणि जाग्यावर उभं राहणं हा या नाचातला सर्वांत मोठा गुन्हा आहे. मोजणी सुटली की तुम्ही थबकता, कपाळावर हात मारता, "अरे देवा" म्हणता. तेवढ्यात मागचा माणूस तुमच्या टाचेवर. चुकलात तर थांबायचं नाही. जागच्या जागी डावा-उजवा भार बदलत राहा, कान मोजणीकडे ठेवा, आणि नवी भिंत आली की एकला आत शिरा. इथल्या नाचघरांत गेलात तर हे आणखी महत्त्वाचं ठरेल: फरशीच्या कडेने टू-स्टेप करणाऱ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने फिरत असतात आणि रांगा मधे असतात. कडेला उभं राहून पावलं आठवत बसलात तर जोडी येऊन धडकेल आणि दोष तुमचा असेल. हातात पेला घेऊन फरशीवर जायचं नाही, हे वेगळं सांगायला लागू नये. गेल्या पिकनिकला सांगावं लागलं.

नाच चालू असताना शेजाऱ्याला शिकवू नका. चार आठवड्यांपूर्वी आलेले लोक काल आलेल्याला खांद्याला धरून वळवताहेत, हे मी सहन करणार नाही. खांद्याला धरून वळवलेल्या माणसाचा भार चुकीच्या पायावर जातो. त्याला काय सांगायचं ते मी सांगेन, गाणं संपल्यावर.

गुडघ्याची तक्रार खरी असेल तर मी ती मान देऊन ऐकते. पण तुमच्यातले निम्मे गुडघे बुटांमुळे दुखताहेत. पळायचा जाड रबरी तळव्याचा बूट फरशीला धरून ठेवतो. तुम्ही वळता, पाऊल वळत नाही, आणि सगळा पीळ गुडघ्यात जातो. इथले लोक चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे बूट वापरतात ते फोटोसाठी नव्हे, पाऊल सरकावं म्हणून. महागडे बूट घेऊ नका, घरात आहेत त्यांतले गुळगुळीत तळव्याचे आणा. टाच उचलून चवड्यावर वळा. ज्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून यावं आणि अर्ध्या वळणाऐवजी तेवढ्याच मोजणीत छोटी पावलं टाकत चालत वळावं. मोजणी पूर्ण झाली की तुम्ही रांगेतच आहात, मग वळण कसं घेतलं हे मी विचारणार नाही. चप्पल मात्र दारातच काढा आणि बूट घाला.

डोकं तल्लख राहतं म्हणून येणाऱ्यांसाठीही दोन शब्द. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००३ साली एक अभ्यास छापून आला. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या पंचाहत्तरी ओलांडलेल्या ४६९ लोकांचा सरासरी पाच वर्षं मागोवा घेतला होता. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं यांच्याबरोबर शारीरिक छंदांपैकी फक्त नाचणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी दिसला. नाचल्यामुळे स्मरण टिकलं की स्मरण टिकलेलेच नाचत राहिले, हे त्यातून ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीपुढच्यांना आठवड्यातून निदान तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. तुम्ही एक दिवस येता, त्यात अर्धा वेळ उभे असता, आणि महिन्याभरात विचारता, काही फरक पडला नाही. गोळी घ्यायला आल्यासारखे येऊ नका. दुसऱ्याचे पाय बघून नाचलात तर डोक्याला काम पडत नाही. मोजणी लक्षात ठेवण्यात, भिंत ओळखण्यात, भार बदलण्यात ते पडतं, आणि नेमकं तेच तुम्ही शेजाऱ्यावर ढकलता.

म्हणून येत्या गुरुवारी इलेक्ट्रिक स्लाइड. मुद्दाम निवडला आहे. हा नाच १८ मोजणीचा आहे: चार उजवीकडे, चार डावीकडे, चार मागे, दोन पुढे, दोन मागे आणि शेवटच्या दोनमध्ये डावीकडे पाव वळण. गाण्याची ओळ आठाआठाने चालते, ३२ वर पूर्ण होते. १८ तिच्यात बसत नाही. तुमची सुरुवात कधी ओळीच्या मधे पडेल, कधी ध्रुवपदाच्या तोंडावर, कधी गायिका श्वास घेत असताना. समेवर टाळी देऊन वाट बघणाऱ्यांना इथे गाणं मदत करणार नाही, मीही करणार नाही. पहिले दोन फेरे संगीताशिवाय होतील आणि मोजणी तुम्ही म्हणायची, सगळ्यांनी, मराठीत. ज्याचा आवाज ऐकू येणार नाही त्याला एकट्याने म्हणायला लावीन, मग तो कोणीही असो.

खुर्च्या मी आधीच उचलून कोठीत ठेवणार आहे. पर्स आणि जॅकेटं दाराजवळच्या खुंट्यांना लावा. जुन्यांनी चारी कडांना, नव्यांनी मधे, तीन हात अंतर सोडून. साडेसहाला मी दार लावते, सहा बत्तीसला आलात तर पहिला फेरा संपेपर्यंत व्हरांड्यात उभे राहा. बूट विसरलात तर मोज्यांवर नाचू नका, गेल्याच आठवड्यात फरशीला पॉलिश झालं आहे.